अश्मंतातील दीर्घिका : एका दंडाच्या वाचनाचा इतिहास

ज्या वस्तूपाशी कधीच जाता येणार नाही, जिला फिरवून दुसऱ्या बाजूने पाहता येणार नाही आणि जिचा आकार आपल्या हयातीत तसूभरही बदलणार नाही, अशा वस्तूविषयी माणसाला नेमके काय कळू शकते? प्रश्न खगोलशास्त्राचा आहे खरा, पण साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. कवी हयात नाही, पोथीची एकच प्रत उरली आहे, तीही अस्पष्ट; आणि तरीही तिचा अर्थ लावायचा आहे, ही परिस्थिती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. म्हणूनच एका दूरच्या दीर्घिकेचा इतिहास आम्ही येथे वाचनाचा इतिहास म्हणून मांडू इच्छितो. या इतिहासात शब्दांनी नजरेला वळण लावल्याची उदाहरणे आहेत, तशीच वस्तूने शब्दांना खोटे पाडल्याचीही आहेत. यांपैकी एकाच बाजूची उदाहरणे वेचून सिद्धान्त उभारण्याची सवय आपल्या समीक्षेला अधूनमधून जडते. तिला उतारा म्हणून ही हकिगत उपयोगी पडावी.

ही दीर्घिका एन्‌जीसी १३६५ या क्रमांकाने ओळखली जाते. पृथ्वीपासून तिचे अंतर सुमारे ५.६ ते ६ कोटी प्रकाशवर्षे आहे आणि तिचा विस्तार सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे. मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट पट्टा आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून एकेक बाहू वळत बाहेर जातो. अशा आकृतीला दंडयुक्त सर्पिल म्हणतात; या जातीचा हा इतका ठळक नमुना आहे की तिला 'महान दंडयुक्त सर्पिल' असे विशेषनामच मिळाले आहे. आज आपल्याला पोचणारा प्रकाश तेथून निघाला तेव्हा सह्याद्रीचा पाषाण ज्या लाव्ह्यातून घडला तो थिजून काही दशलक्ष वर्षे उलटली होती आणि माणसाचा मागमूसही नव्हता. महाराष्ट्रातून ती दिसू शकते. डिसेंबरच्या रात्री ती दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांपर्यंत वर येते. तिची आकाशातील लांबी चंद्रबिंबाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. मात्र तेज इतके मंद की नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि लहान दुर्बिणीतून जे दिसते तो केवळ एक धुरकट डाग असतो.

प्रथम नावांविषयी थोडे. ज्या तारकासमूहात ती आहे त्याला मराठी तारकानकाशांत अश्मंत म्हणतात. संस्कृतात अश्मंत म्हणजे चूल. हा शब्द कोणा प्राचीन ऋषीने आकाशाला दिलेला नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास निकोला लुई द लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाश मोजले. तेथील रिकाम्या जागांना त्याने देवादिकांची नावे न देता आपल्या युगाच्या उपकरणांची नावे दिली. रसायनशाळेतील भट्टी ही त्यांपैकीच एक, आणि तिचीच मराठीत चूल झाली. 'दीर्घिका' हा शब्दही असाच प्रवास करून आलेला आहे. कालिदासाच्या काव्यात दीर्घिका म्हणजे लांबट जलाशय, प्रासादातील वा उपवनातील पुष्करिणी. अब्जावधी ताऱ्यांच्या समूहासाठी मराठीने तो निवडला, कारण आकाशगंगा हा शब्द आपल्या स्वतःच्या तारकासमूहासाठी आधीच खर्ची पडला होता. गंगा एकच, तळी मात्र अनेक, असा एक सुप्त विवेक या निवडीत आम्हांस दिसतो. हिंदीत आणि अन्य भाषांत याच अर्थी दुसरे शब्द रूढ झाले. सारांश, आकाशाकडे पाहण्याआधीच भाषा तेथे जाऊन बसलेली असते. मात्र ती तेथे काय करते, हे पाहण्यासाठी इतिहासात शिरायला हवे.

१८२६ साली न्यू साउथ वेल्समधील पॅरामॅटा येथे जेम्स डनलॉप या स्कॉटिश निरीक्षकाने स्वतः बनवलेल्या नऊ इंची परावर्ती दुर्बिणीतून दक्षिण आकाश धुंडाळले. १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत ६२९ तेजोमेघ आणि तारकागुच्छ आहेत. आपली दीर्घिका नोंदवण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. या यादीचे पुढे झाले ते मोठे बोधक आहे. १८३४ ते १८३८ या काळात जॉन हर्शेल अधिक मोठी दुर्बीण घेऊन केपला राहिला. डनलॉपच्या नोंदी त्याने ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतील जेमतेम एक तृतीयांश त्याला सापडल्या. काही स्थाने चुकीची होती, तर काही डाग डाग नव्हतेच. मंद प्रकाश पाहणाऱ्या थकलेल्या डोळ्याला, जे नाही तेही दिसते. त्या काळी निरीक्षणाची नोंद म्हणजे शब्दच असत: तेजस्वी, अतिमोठा, लांबट, मध्याकडे उजळ. पुढे १८८८ साली ड्रायर याने ७८४० वस्तूंची जी 'नवी सर्वसाधारण यादी' सिद्ध केली, तिच्यात या विशेषणांचीही आद्याक्षरे उरली. १३६५ हा क्रमांक तिच्यातलाच. विशेषणांच्या या लघुलिपीत 'सर्पिल' असे म्हणण्याची सोय होती, पण बहुतेक वस्तूंना ते विशेषण लाभले नाही, कारण तसे कोणाला दिसलेच नव्हते.

सर्पिल हा आकार आकाशात प्रथम दिसला तो १८४५ साली, आयर्लंडमध्ये. लॉर्ड रॉस यांच्या सहा फूट व्यासाच्या दुर्बिणीतून एम ५१ या तेजोमेघाची भोवऱ्यासारखी वळणे दिसली आणि त्यांनी ती रेखाटली. याच तेजोमेघाचे जॉन हर्शेलने आधी केलेले रेखाटन उपलब्ध आहे. त्यात मध्यभागी एक गोळा आहे आणि त्याभोवती एका बाजूस दुभंगलेले कडे. हर्शेल निष्काळजी नव्हता. त्याच्याइतके सराईत डोळे त्या शतकात फार थोड्यांपाशी होते. रॉस यांच्या आरशाने अधिक प्रकाश गोळा केला, एवढ्यानेच कड्याचे सर्पिल झाले. सर्पिल हा शब्द हाती आल्यावर मात्र निरीक्षकांना तो इतरत्रही दिसू लागला, कधी असलेल्या ठिकाणी, कधी नसलेल्याही. अश्मंतातील आपली दीर्घिका मात्र या उत्साहातून सुटली. ती आयर्लंडच्या क्षितिजावर जवळजवळ येतच नाही.

छायाचित्रण आल्यावर हाताची जागा काचेच्या पट्टीने घेतली. लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिस याने १९१८ साली तेजोमेघांच्या छायाचित्रांचे मोठे वर्णन प्रसिद्ध केले. काही सर्पिलांच्या मध्यातून एक सरळ पट्टा जातो, हे त्याच्या ध्यानात आले. त्यासाठी शब्द नव्हता. त्याने ग्रीक वर्णमालेतील 'फाय' हे अक्षर उचलले: एक वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ. अक्षर हेच चित्र म्हणून वापरण्याचा हा प्रकार साहित्याच्या वाचकाला आवडावा असाच आहे. परंतु फाय अक्षरात एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे रेघ आणि वर्तुळ या दोन वेगळ्या गोष्टी असून एक दुसरीवर ठेवलेली आहे. १९२६ साली एडविन हबल याने हे नाव बाजूला सारून 'दंडयुक्त सर्पिल' ही संज्ञा रूढ केली, आणि आपण आजही तीच वापरतो. हीत दंड हा सर्पिलाचा अवयव ठरला. बाहू त्याच्या टोकांतून फुटतात असे दिसू लागले. छायाचित्र तेच, पण वाक्य बदलले आणि वाक्यातला कर्ताही बदलला.

हबल यांच्या वर्गीकरणाचा पुढचा भाग वाङ्मयेतिहासाच्या अध्यापकांनी मुद्दाम पाहावा. १९३६ च्या ग्रंथात त्यांनी दीर्घिकांची मांडणी शेतकऱ्याच्या दुबेळक्यासारख्या आकृतीत केली. दांड्याच्या जागी गोल व लंबवर्तुळी दीर्घिका, एका फाट्यावर साधे सर्पिल, दुसऱ्यावर दंडयुक्त. दांड्याकडील प्रकारांना 'आद्य' आणि टोकांकडील प्रकारांना 'उत्तर' अशी विशेषणे मिळाली. ताऱ्यांच्या वर्णपटांसाठी हेच शब्द आधीपासून वापरात होते. त्यांचा अर्थ केवळ क्रमातील स्थान असा घ्यावा, काळाचा अर्थ त्यांत वाचू नये, असे हबल यांनी स्वतः बजावले होते. परंतु 'आद्य' म्हटले की काळ आलाच. आधी गोल, मग चपटी, मग बाहू फुटलेली, अशी उत्क्रांतीची कथा त्या आकृतीत वाचली गेली. १९७० च्या दशकात टूम्रे बंधूंच्या कामानंतर चित्र जवळजवळ उलटे झाले. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून एक लंबवर्तुळी दीर्घिका बनू शकते. म्हणजे ज्यांना आद्य म्हटले त्यांतील कित्येक नंतरच्या निघाल्या. संज्ञा मात्र शोधनिबंधांतून अजून तशाच आहेत. 'आद्य मराठी कादंबरी' किंवा 'उत्तरकालीन संतकाव्य' असे लिहिताना आपण क्रम सांगतो की कारण सांगतो, हा प्रश्न यानिमित्ताने स्वतःला विचारण्यास हरकत नाही.

दुबेळक्याची दुसरी अडचण अशी की तिला दोनच फाटे होते. दीर्घिका दंडयुक्त असेल किंवा नसेल, मधले काही नाही. जेरार द वोकुलर याने १९५९ साली ही भिंत काढली. दंडहीन, दंडयुक्त आणि त्यांच्यामधील संमिश्र अशी तीन नावे त्याने दिली आणि ही तीनही एका सलग पटावरील खुणा आहेत असे मानले. कथा आणि कादंबरी यांच्या मधोमध दीर्घकथेला जागा करून द्यावी तसेच हे झाले. आपली १३६५ मात्र कोणत्याही योजनेत दंडयुक्तच राहिली. इतक्या स्पष्ट पाठाला पाठभेद नसतात. अडचण सीमेवरच्यांची असते. किती सर्पिलांना दंड आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर पाहणाऱ्यावर आणि प्रकाशाच्या रंगावर अवलंबून राहिले. ठळक दंडच मोजले तर सुमारे एक तृतीयांश, पुसट दंडही धरले तर सुमारे दोन तृतीयांश. २००७ साली सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू' या प्रकल्पात पुढे हजारो सामान्य स्वयंसेवकांना दीर्घिकांची चित्रे दाखवून, मध्यातून दंड जाताना दिसतो का, असे विचारण्यात आले. त्या मतांवरून २०११ साली निघालेला निष्कर्ष सुमारे २९ टक्के होता. वाचकांच्या प्रतिसादाने अर्थ ठरवण्याचा एवढा मोठा प्रयोग कोणत्याही विद्यापीठाच्या साहित्यविभागाने केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

येथवरची हकिगत ऐकून कोणी म्हणेल की मग दंड हा पाहणाऱ्याच्या डोळ्यात आणि शब्दात आहे, आकाशात नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस असे म्हणणे विद्यापीठांत बरेच चलनात होते आणि १९९६ च्या सोकल प्रकरणाने त्यावर कडवट वादही माजला. आम्हांस हे म्हणणे मान्य नाही, आणि त्याचे कारण याच दीर्घिकेत आहे.

दंड म्हटले की काठी डोळ्यांपुढे येते, पण हा दंड घन नाही. त्यातील तारे आपापल्या अतिशय लांबट कक्षांतून फिरत असतात आणि त्या कक्षा एका दिशेने ओळीत आल्याने पट्ट्याचा भास होतो. वारीच्या रिंगणात माणसे धावत असतात आणि रिंगण मात्र एक आकृती म्हणून टिकून राहते, तसे काहीसे हे आहे. फरक इतकाच की ही आकृतीही स्वतःच्या गतीने फिरते. १३६५ च्या दंडाला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ३५ कोटी वर्षे लागतात. १९७० च्या सुमारास संगणकावर ताऱ्यांच्या चकत्या फिरवून पाहण्यास आरंभ झाला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. कोणीही दंड घातला नसताना तो आपोआप तयार होऊ लागला, आणि मोडेना. प्रश्नच उलटा झाला. दंड का असतो हे विचारणारे आता विचारू लागले की सगळ्याच दीर्घिकांना तो का नाही? १९७३ साली ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी सुचवले की चकतीभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचे मोठे प्रभामंडल असावे, ते चकतीला सावरते. कृष्णद्रव्याच्या बाजूने पडलेल्या महत्त्वाच्या साक्षींपैकी ही एक आहे. पुढे असेही दिसले की तेच प्रभामंडल दंडाकडून कोनीय संवेग शोषून घेऊन त्याला अधिक बळकटही करू शकते. संज्ञा देणाऱ्यांच्या मनात यांतले काहीच नव्हते. नाव आपण दिले, पण नावापलीकडचे वर्तन वस्तूचे स्वतःचे होते.

दंड असल्याचे परिणामही मोजता येतात. दंडातून जाणारा वायू धक्के खातो, त्याची फिरण्याची शक्ती कमी होते आणि तो मध्याकडे ओघळतो. छायाचित्रांत दंडाच्या कडेने दिसणाऱ्या काळ्या धुळीच्या रेघा या त्या ओघळाच्या वाटा आहेत. मध्याजवळ साचलेल्या वायूतून नवे तारे मोठ्या संख्येने जन्मतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांत धुळीआड दडलेले असे तरुण तारकागुच्छ दिसले आहेत. या दीर्घिकेत १९५७, १९८३, २००१ आणि २०१२ साली अतिनवतारे दिसले. १९९० च्या दशकात हबल अवकाश दुर्बिणीने तिच्यातील सुमारे पन्नास स्पंदनशील तारे हेरून अंतर मोजले. हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डच्या काचपट्ट्यांवरून या ताऱ्यांचा स्पंदनकाळ आणि तेज यांचे नाते शोधले होते. तेच नाते येथे गजासारखे वापरले गेले. विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवण्याच्या ज्या मोठ्या प्रकल्पाचा निष्कर्ष २००१ साली जाहीर झाला, त्यात या मोजणीचा वाटा होता.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र तिच्या केंद्रातले आहे. तेथे सूर्याच्या सुमारे वीस लक्षपट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्या निकटच्या लोहाणूंकडून येणाऱ्या क्ष-किरणांची वर्णरेषा अरुंद असायला हवी होती. ती पसरट आणि एका बाजूस ओढलेली दिसते. या पसरटपणाचे दोन अर्थ लावले गेले. एका मते, तीव्र गुरुत्वाने आणि प्रचंड वेगाने रेषा ताणली गेली आहे, म्हणजे प्रकाश कृष्णविवराच्या अगदी काठावरून येतो आणि ते विवर वेगाने फिरत आहे. दुसऱ्या मते तसे काहीच नाही. वाटेतील वायुमेघ काही प्रकाश गिळतात आणि त्यामुळे रेषेला तसा आकार आल्याचा भास होतो. मेघ तेथे आहेत हे निश्चितच होते. २००६ साली अशाच एका मेघाने काही काळ केंद्र झाकल्याचे चंद्रा दुर्बिणीने टिपले होते. उपलब्ध पाठाशी दोन्ही वाचने सारखीच जुळत होती, आणि तेवढ्यावर थांबले असते तर 'अर्थ अनेक असतात' असे म्हणून मंडळी घरी गेली असती. पण दोन्ही वाचने एका ठिकाणी वेगळे भाकीत करीत होती: अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांत, जेथे जुन्या दुर्बिणी आंधळ्या होत्या. २०१२ साली न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन उपग्रहांनी एकाच वेळी त्या केंद्राकडे पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार केवळ मेघांचे वाचन टिकले नाही आणि विवर कमाल शक्य वेगाच्या निदान ८४ टक्के वेगाने फिरत असल्याचे दिसले. मेघही खरे होते, पण सगळा अर्थ मेघांत नव्हता.

दूरच्या दंडांनी जवळचीही एक गोष्ट शिकवली. आपण स्वतः आकाशगंगेच्या आत बसलेलो असल्याने तिचा आकार आपल्याला बाहेरून पाहता येत नाही. वायूच्या गतींवरून आपल्याही मध्यभागी दंड असावा, असे द वोकुलर याने १९६० च्या दशकातच सुचवले होते. १९९१ पासून अवरक्त प्रकाशातील पुरावा साचत गेला आणि २००५ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने तो बळकट केला. इतरांचे चेहरे पाहून स्वतःच्या चेहऱ्याचा अंदाज बांधावा, तसे हे झाले.

आणि काळात मागे गेल्यास? २००८ साली हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून असा निष्कर्ष निघाला होता की सुमारे सात अब्ज वर्षांपूर्वी केवळ २० टक्के सर्पिलांना दंड होता, आज तो सुमारे ६५ टक्क्यांना आहे. म्हणजे दंड ही प्रौढ वयातली गोष्ट. मग जेम्स वेब आली. २०२३ साली, हबलच्या चित्रात केवळ धूसर चकती दिसणाऱ्या एका दीर्घिकेत वेबच्या चित्राने स्पष्ट दंड दाखवला. तिचा प्रकाश दहा अब्जांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. त्याच वर्षी सीअर्स-२११२ ही त्याहून जुनी दंडयुक्त सर्पिल प्रसिद्ध झाली, विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे असतानाची. हर्शेलच्या कड्याचे रॉस यांच्या आरशात सर्पिल झाले, त्याचीच ही आवृत्ती. २०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील दोन संशोधकांनी वेबच्याच चित्रांतून एक सुडौल द्विबाहू सर्पिल शोधली, विश्वाच्या पहिल्या सुमारे दीड अब्ज वर्षांतील. तिचे नाव त्यांनी अलकनंदा ठेवले, कारण मंदाकिनी हे हिंदीत आपल्या आकाशगंगेचे नाव आणि अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी नदी. गंगा एकच नाही, असे सांगणारे हे नाव आहे; वर उल्लेखिलेल्या तळ्यांच्या विवेकाशी त्याची तुलना करून पाहावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पहिले वर्णन नेहमीच उसन्या शब्दांत होते: भट्टी, तळे, फाय, दंड, आद्य, उत्तर. हे शब्द टाळता येत नाहीत आणि ते निष्पापही नसतात. परंतु यावरून वाचनाला वस्तूचा आधारच नसतो, असे ठरत नाही. चांगल्या वाचनाची खूण अशी की ते कोठे चुकू शकते ते आधी सांगून ठेवते आणि मग त्या ठिकाणी जाऊन पाहते. मेघवादी आणि गुरुत्ववादी यांनी तेवढे केले, म्हणून त्यांचा वाद संपू शकला. आपल्या वर्गांत एखाद्या कवितेच्या दोन अर्थांवर वाद होतो तेव्हा, हे दोन अर्थ कवितेच्या कोणत्या ओळीवर वेगळे पडतात, हा प्रश्न किती वेळा विचारला जातो? कवितेला न्यूस्टार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण तिला ओळी आहेत, आवृत्त्या आहेत, हस्तलिखिते आहेत, तिच्या काळातील शब्दार्थ आहेत. त्यांतील कोणता पुरावा आला तर आपण आपले वाचन सोडून देऊ, एवढे तरी आधी लिहून ठेवता येईल.